अस्सल आणि नक्कल : मराठी ख्रिस्ती उपासनेची चार शतके

दप्तरखान्यात बसून जुने कागद चाळण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना 'अस्सल' आणि 'नक्कल' हे दोन शब्द सहसा फसवीत नाहीत. कागद हाती आला की तो उजेडासमोर धरावा, शाई पाहावी, अक्षराचे वळण ताडून पाहावे आणि शेवटी मोर्तबाचा शिक्का उमटला आहे की नाही ते बघावे. चारही गोष्टी जुळल्या की कागद अस्सल. एखादी बिनसली की संशय घ्यावा. 'अस्सल' हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला. त्याच्या पोटात 'मूळ' हा अर्थ आहे. ज्याचे मूळ हाती लागते ते अस्सल, बाकीची नक्कल, असा हा सरळ हिशेब.

हाच गज हाती घेऊन मी मराठी ख्रिस्ती समाजाच्या उपासनेचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा पहिल्याच मुक्कामाला अडचण उभी राहिली. कागदाचे मूळ एकच असते. उपासनेला मात्र वडाच्या झाडासारख्या पारंब्या फुटतात, त्या जमिनीत रुजतात, आणि काही पिढ्यांनी मूळ खोड कोणते आणि पारंबी कोणती, हे झाडालाही सांगता येऊ नये अशी अवस्था होते.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण सण म्हणजे तरी काय? उपासनेचे घरात उतरलेले रूपच ना? डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती वस्त्यांतून घराघरांवर कागदी तारे लटकू लागतात. शेजारच्या घरी दोन महिन्यांपूर्वी आकाशकंदील होता त्याच कांबट्यांचा आणि त्याच रंगीत कागदाचा तो तारा. आत डब्यात करंज्या असतात, शंकरपाळी असतात. गोव्यात त्याच करंजीला नेवरी म्हणतात आणि नाताळाला ती केली नाही तर घरच्या बाईला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. आता हा तारा बेथलेहेमचा की दिवाळीचा? ही करंजी कोणत्या धर्माची? घरातल्या मुलाला हा प्रश्न पडत नाही. तो पडतो पंडितांना, धर्माधिकाऱ्यांना आणि माझ्यासारख्या इतिहास वाचणाऱ्यांना.

आजच्या मराठी चर्चमध्ये मात्र हा प्रश्न घरातच येऊन बसला आहे. एक आजोबा म्हणतात, पेटी, तबला आणि रेव्हरंड टिळकांची पदे, हीच खरी उपासना. त्यांचा नातू म्हणतो, गिटार आणि ड्रम घेऊन पडद्यावरचे शब्द वाचीत मनापासून गातो, तीच खरी उपासना. पुस्तकातले म्हणणे म्हणजे पाठांतर. तिसरे एखादे विद्वान धर्मगुरू येतात आणि सांगतात, समई लावा, आरती ओवाळा, जमिनीवर मांडी घालून बसा. भारतीय ख्रिस्ती माणसाची अस्सल उपासना ती. तिघेही श्रद्धावान, तिघेही प्रामाणिक. आणि गंमत अशी, की तिघांच्याही 'अस्सला'ला एके काळी कोणी ना कोणी 'भेसळ' म्हटलेले आहे.

आधी मुळाचाच शोध घेऊ. येशू ख्रिस्त बोलत होते ती अरामी भाषा. त्यांची चरित्रे, म्हणजे शुभवर्तमाने, लिहिली गेली ग्रीकमध्ये. म्हणजे मूळ ग्रंथातच मूळ वाणी नाही. तिथेच भाषांतर सुरू झाले आहे. रोममधल्या ख्रिस्ती लोकांनीही आरंभी बराच काळ ग्रीकमध्येच प्रार्थना केल्या. चौथ्या शतकापर्यंत तिथे लॅटिन स्थिरावली, आणि ती का, तर सामान्य लोकांना ग्रीक कळेनाशी झाली होती म्हणून. पुढे हजार-दीड हजार वर्षे जी लॅटिन देवाच्या दरबाराची भाषा मानली गेली, ती चर्चमध्ये शिरली होती बाजारच्या दारातून!

वाद्यांचेही तसेच. चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऑर्गन येतो. पण स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरी झ्विंग्ली या सुधारकाच्या काळात, १५२७ मध्ये, चर्चमधले ऑर्गन काढून टाकण्यात आले होते. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चांतून तर १८६०च्या सुमारापर्यंत वाद्याशिवायच स्तोत्रे गात, आणि ऑर्गन आणण्याची गोष्ट निघाली तेव्हा मोठे वादळ उठले. तेव्हा 'पाश्चात्त्य उपासना' असे एक ठरीव, घोटीव रूप होते आणि ते जहाजातून आपल्याकडे उतरले, असे समजणे बरोबर नाही. जहाजातून वस्तू उतरल्या, त्याबरोबर भांडणेही उतरली.

मराठी भाषेपुरते बोलायचे तर ही कथा सुरू होते गोव्यात. थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यास पोचले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, तिथेच राहिले. त्यांचा बहुतेक काळ साष्टीत गेला. त्या भूमीवर काय घडून गेले होते हे विसरून चालणार नाही. १५६७ नंतर साष्टीतली देवळे पाडली गेली होती. जुन्या पोथ्या बाळगणे धोक्याचे झाले होते. लोकांचा धर्म बदलला, पण संध्याकाळी एकत्र बसून पुराण ऐकण्याची भूक कुठे जाणार? स्टीफन्स यांच्या ग्रंथातच आरंभी असा प्रसंग आहे, की नवख्रिस्ती मंडळींपैकी एकजण त्यांना विनवितो : तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला वाचायला दुसरे काही द्या.

त्या मागणीचे उत्तर म्हणजे 'ख्रिस्तपुराण'. सुमारे अकरा हजार ओव्या. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा. १६१६ मध्ये रायतूर येथे हा ग्रंथ छापला गेला. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून रोमन अक्षरांत. त्यात स्टीफन्स यांनी केलेली मराठीची स्तुती शाळेच्या पुस्तकांतून आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल येथे लिहीत नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यांचे धाडस. ज्ञानेश्वर-एकनाथांनी वापरलेला छंद त्यांनी जसाच्या तसा उचलला. स्वर्गाला त्यांनी 'वैकुंठ' म्हटले. ग्रंथाला नाव दिले ते 'पुराण'. आणि रविवारी, सणावारी उपासना आटोपल्यावर चर्चमधून या पुराणाचे वाचन होऊ लागले. एकीकडे ज्या सत्तेने लोकांच्या पोथ्या हिरावून घेतल्या, त्याच सत्तेच्या आश्रयाने राहणाऱ्या एका परदेशी माणसाने त्यांच्या कानांना ओळखीचा छंद परत दिला. हे दान म्हणावे की नुकसानीची भरपाई? दोन्ही म्हणावे लागेल. आणि हे दोन्ही एकदम खरे असू शकते, हे मान्य केल्याशिवाय या इतिहासाचे पान उलटता येत नाही.

सोळाशे सोळानंतर १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. एका पिढीत ओवी ही गोव्याच्या ख्रिस्ती उपासनेची अस्सल वाणी झाली होती. मग वारे फिरले. १६८४च्या जूनमध्ये व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी फर्मान काढले : देशी भाषा सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला शिका. १७३६ मध्ये इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने तर घरात हात घातला. लग्नातली गाणी नकोत, विधीत पान-सुपारी नको, अंगणात तुळस नको, पुरुषांनी धोतर नेसू नये! ज्या ओवीला आजोबांच्या काळी वेदीजवळ जागा होती, ती नातीच्या लग्नात मांडवातही गुन्हा ठरली. देव तोच, चर्च तेच, माणसेही त्याच घरातली. बदलला होता तो फक्त शिक्का मारणारा हात.

पण शिक्का मारणाऱ्यांना वाटते तितके लोकांचे कान आज्ञाधारक नसतात. ख्रिस्तपुराणाच्या छापील जुन्या प्रती नाहीशा झाल्या, तरी हस्तलिखिते उरली. लोकांनी ती हाताने उतरून घेतली, घरांत जपली, दक्षिणेस मंगळूरकडे नेली. तिथेच १९०७ मध्ये सालढाणा यांनी तो ग्रंथ पुन्हा छापविला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्ती काढली. ज्या ग्रंथाच्या अस्सल छापील प्रती नष्ट झाल्या आणि जो केवळ नकलांमुळे जगला, त्यालाच आज आपण ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा अस्सल आद्यग्रंथ म्हणतो. दप्तरखान्यातला माझा गज येथे कसा चालावा?

आता घाट चढून देशावर येऊ. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास, ठाणे केले. त्यांची मनोभूमिका गोव्यातल्यासारखी नव्हती. त्यांना फर्माने काढायची नव्हती, शाळा काढायच्या होत्या. १८४२ मध्ये त्यांनी 'ज्ञानोदय' सुरू केला. परंतु गाण्याच्या बाबतीत त्यांच्या कानांना आपल्या गावचीच चाल गोड लागे, हे स्वाभाविक होते. म्हणून आरंभीची अनेक मराठी गीते म्हणजे इंग्रजी गीतांची भाषांतरे आणि चालीही तिकडच्याच. मराठी शब्दांतले ऱ्हस्व-दीर्घ त्या चालीत बसत नसत. जिथे आपली जीभ थांबते तिथे ती चाल धावे आणि जिथे आपण धावतो तिथे ती थबके. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालावा, तसा प्रकार.

ही कुचंबणा पहिल्यांदा मोडली ती नगरच्याच मंडळींनी. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६०च्या दशकात ख्रिस्ती कीर्तने करायला सुरुवात केली. बायबलातली आख्याने, पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, वीणा, मध्येच अभंग. श्रोत्यांची गर्दी होऊ लागली. काही पाद्रीसाहेबांना हे रुचले, काहींना शंका वाटली, की हे धर्माचे गाणे की तमाशाचे वळण? पण लोक जमिनीवर बसून रात्री उशिरापर्यंत ऐकत होते, आणि हे दृश्य बाकावर बसलेल्या रविवारच्या मंडळीत फारसे दिसत नसे.

या वाटेचा राजरस्ता केला तो नारायण वामन टिळकांनी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते आधी कवी, मग उपदेशक. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते बोलत. तो पूल मागे जाळून टाकायला ते तयार नव्हते. त्यांनी पदे लिहिली, अभंग लिहिले, कीर्तने केली, 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले. आज मराठी मंडळ्यांत चालणारे 'उपासना संगीत' उघडून पाहिले तर पानोपानी टिळक भेटतात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभारण्याचा संकल्प केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जागा होती. विलायती कुंडीतले रोप मराठी मातीत लावावे, ही त्यांची तळमळ होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले. 'ख्रिस्तायन' पूर्ण केले ते लक्ष्मीबाईंनी.

टिळकांचा हा प्रयत्न आज आपल्याला इतका योग्य वाटतो की त्याला दुसरी बाजू असेल असे मनातही येत नाही. पण ती होती, आणि ती मांडणारी व्यक्ती टिळकांपेक्षा तसूभरही कमी नव्हती. मी पंडिता रमाबाईंबद्दल बोलतो आहे.

रमाबाई इंग्लंडात वाँटेज येथे असताना, १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाल्यानंतरची गोष्ट. क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांना त्यांनी हरकत घेतली. लॅटिन ही संस्कृतपेक्षा अधिक पवित्र आहे असे मी का मानावे, माझ्या देशाच्या जुन्या, सुंदर भाषेत ती अक्षरे का नसावीत, असे त्यांनी तिथल्या धर्मभगिनीला पत्रातून विचारले. यावरून वाटेल, की पुढे त्या टिळकांच्याच वाटेने गेल्या असतील. तसे झाले नाही. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी अखेरची वर्षे घालविली ती मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल तयार करण्यात. त्या भाषांतरात त्यांचा कटाक्ष असा, की शब्द खेड्यातल्या अडाणी बाईला कळावा, आणि जुन्या धर्मकल्पना चिकटून आलेले संस्कृत शब्द होता होईतो टाळावेत. मुक्तिसदनातल्या बायकामुलींनी खिळे जुळविले, त्यांनीच छापले. काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

असे का व्हावे? रमाबाईंचे बालपण आठवा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थोतीर्थी हिंडत, पुराणे सांगत ते कुटुंब पोट भरीत होते. रमाबाईंना भागवत मुखोद्गत होते. दुष्काळात आई, वडील, बहीण एकामागून एक गेली. ते शब्द टिळकांना ज्या घरातून मिळाले, त्याच घरातून रमाबाईंनाही मिळाले होते; पण एकाला ते पुरुष म्हणून मिळाले आणि दुसरीला बाई म्हणून. टिळकांना त्या शब्दांत गोडी आठवे, रमाबाईंना त्यांत विधवांचे मुंडण आठवे. मग दोघांपैकी अस्सल भारतीय ख्रिस्ती कोण? हा प्रश्न ज्याला सोपा वाटेल त्याने तो खुशाल सोडवावा.

आणि त्यातही मौज अशी, की १९०५ मध्ये मुक्तिसदनात जी भावनेची लाट उसळली, तिथे रमाबाई पुन्हा वेगळ्याच दिसतात. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, काही अनोळखी भाषांत बोलू लागल्या. जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीच्या आरंभीच्या प्रसंगांत आज त्याची गणना होते. शिस्तीच्या मिशनरींना हा गोंधळ वाटला. तेव्हा रमाबाईंनी बजावले, की देवाने हिंदी माणसाचा स्वभाव घडविला आहे, तो देवाला ठाऊक आहे. त्याला आपल्या स्वभावाप्रमाणे रडू द्या, गाऊ द्या, पश्चिमेच्या साच्यात कोंबू नका. म्हणजे टिळकांना देशीपणा सापडला शब्दांत आणि छंदात. रमाबाईंना तो सापडला आसवांत आणि आवाजात.

या दोघा थोरांच्या मागे एक मोठा समुदाय उभा आहे, त्याचे नाव ग्रंथांत क्वचित येते. १८७६-७८च्या दुष्काळात आणि त्यानंतर नगर जिल्ह्यात जे लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, ते बहुतेक महार-मांग वस्त्यांतले. ख्रिस्ती मंडळीचा देह त्यांचा होता. टिळक-रमाबाई हे त्यातले दोन तेजस्वी डोळे. या लोकांचे स्वतःचे संगीत होते : हलगी, डफ, संबळ, एकतारीवरचे भजन. त्यांच्यापैकी चोखोबांनी अभंग लिहिले. पण त्याच चोखोबांच्या लोकांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकायला १९४७ साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. म्हणून टिळकांचा अभंग महारवाड्यातल्या चर्चमध्ये गायला जाऊ लागला, तेव्हा त्याचे दोन अर्थ झाले. टिळकांच्या दृष्टीने ते आपल्या घरी परतणे होते. गाणाऱ्याच्या दृष्टीने ते पहिल्यांदाच आत येणे होते. जो छंद देवळाच्या पायरीखालून ऐकला, तो आता गाभाऱ्याशी उभे राहून आपल्या तोंडाने म्हणायचा! देशी चालींचे महत्त्व सांगणाऱ्या व्याख्यानांत हा फरक सांगितला जात नाही. तो सांगितला पाहिजे.

रोमन कॅथॉलिक मंडळींत हा बदल उशिरा आला, पण आला तो एकदम. वसईचा ख्रिस्ती समाज घ्या. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अंमल, पुढे चिमाजी आप्पांचा विजय, मग पेशवाई, मग इंग्रजी. चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत टांगल्या. मेणवलीच्या घाटावर १७०७ सालची एक घंटा आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात १७२१ सालची आहे. घंटा गेल्या तरी लोक आपल्या धर्मात राहिले. एवढ्या उलथापालथीत मिस्सा मात्र लॅटिनमध्येच चालत असे. धर्मगुरू लोकांकडे पाठ करून पुटपुटत, आणि बाया बाकांवर बसून आपापली जपमाळ ओढीत. त्या न कळण्यातही एक गूढ गोडी होती, असे जुनी माणसे सांगतात, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही.

११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली आणि ४ डिसेंबर १९६३ रोजी तिने उपासनेविषयीचा लेख संमत केला. लोकभाषेला वेदीपर्यंत वाट मिळाली. पुढच्याच वर्षी मुंबईत ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि पोप सहावे पॉल तिला आले. इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यकातली, असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना उच्चारली. दोनशे वर्षांपूर्वी तुळशीवर बंदी घालणाऱ्या धर्मपीठाच्या परंपरेतला प्रमुख उपनिषद म्हणतो, हे दृश्य पाहायला इन्क्विझिशनचे अधिकारी हवे होते!

वसईत मराठी मिस्सा सुरू झाली. परंतु येथेही एक पेच होताच. वसईच्या घराघरांत बोलतात ती सामवेदी किंवा वाडवळी बोली. चर्चमध्ये आली ती पुस्तकी मराठी. म्हणजे मातृभाषा आली खरी, पण लुगडे बदलून आली. तरी लोकांनी तिला आपले म्हटले, तिच्यात लिहू लागले. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, आजचे धाराशिव, येथील त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरूला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. त्या निवडीला काहींनी विरोध केला, हेही नमूद केले पाहिजे. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. चारशे वर्षे ज्यांना 'तुम्ही खरे ख्रिस्ती आहात का?' असे बाहेरचे धर्माधिकारी विचारीत, त्यांना आता 'तुम्ही खरे मराठी आहात का?' असे शेजारी विचारू लागले होते. माणसाने दोन्हीकडे दाखले किती दाखवावेत?

१९६९ मध्ये रोमने भारतीय धर्माध्यक्षांच्या विनंतीवरून बारा बदलांना संमती दिली. पंचांग प्रणाम, पादत्राणे बाहेर, हात जोडून नमस्कार, मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे, आरती, अंगावर शाल. सुधारकांना हर्ष झाला. पण तक्रार दोन्हीकडून आली. जुन्या वळणाचे म्हणाले, हे चर्चचे देऊळ करणे आहे. आणि दुसरीकडून जे लोक बोलले त्यांचे म्हणणे अधिक खोल होते. पूर्वास्पृश्य समाजातून आलेले ख्रिस्ती म्हणाले : ज्या समईच्या उजेडात आमची सावलीही चालत नव्हती, तीच तुम्ही 'भारतीय' म्हणून आमच्या वेदीवर ठेवता, आमचा डफ भारतीय नव्हता काय? १९८१ मध्ये बंगलोरला अरविंद निर्मळ यांनी एका व्याख्यानात हाच प्रश्न धर्मशास्त्राच्या भाषेत मांडला आणि पुढे दलित ख्रिस्ती विचारांची एक धाराच सुरू झाली. 'देशी' म्हणजे कोणाचे देशी, हा सवाल एकदा विचारला गेल्यावर मागे घेता येत नाही.

आणि आता गिटार आला आहे. आजोबा कपाळाला आठ्या घालतात. पण ज्या पेटीला ते देशी म्हणतात, ती हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये जन्मली आणि मागाहून आपल्या मांडीवर बसली. पेटीला शंभर-सव्वाशे वर्षांत नागरिकत्व मिळाले. गिटारचा अर्ज अजून विचाराधीन आहे, इतकेच. नातवाच्या बाजूनेही सारे आलबेल नाही. पुस्तकाशिवाय, आतून उमटले तेच खरे, असे तो म्हणतो. पण त्याचे ते 'आतून' पुष्कळदा दूरदेशी तयार झालेल्या गाण्याच्या मापाने शिवलेले असते. शंभर वर्षांपूर्वीचा तो दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा पुन्हा आला आहे. फरक एवढाच, की तेव्हा तो कोणी घालायला लावला आणि आता हौसेने घेतला जातो.

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात एका वृद्ध ख्रिस्ती बाईंना मी भेटलो होतो. निवडणे-टिपणे करता करता त्या एक पद गुणगुणत होत्या. टिळकांचेच होते. मी विचारले, "आजी, हे पद कुणाचं?"

त्या सहज म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंचं."

मी टिळकांचे नाव सांगितले नाही. त्यांच्या उत्तरात कुठे काही दुरुस्त करावे असे नव्हते. मग नातवाच्या गाण्यांविषयी विचारले, तर म्हणाल्या, "चांगली असतात की! मीबी म्हणते त्याच्यासंगं. पर त्याला वहीत बघावं लागतं. आमची माती व्हायच्या वेळेला कुणी वही शोधत बसत नाही."

ख्रिस्ती वस्तीत माती होते, म्हणजे कोणी मातीआड केला जातो, तेव्हा कबरीपाशी जे पद कोणी न सांगता उठते, त्याची परीक्षा झालेली असते. त्याची चाल विलायतेची आहे की वारकऱ्यांची, शब्द ब्राह्मणाचे आहेत की अमेरिकन पाद्र्याचे, हे तेथे कोणी विचारीत नाही. एखाद्या विलायती चालीचे जुने गीतही असे उठते आणि सारी माणसे ते ओल्या आवाजात म्हणतात. म्हणजे तेही आता आपलेच झाले.

या चार शतकांच्या हिशेबातून मला एवढेच कळले, की उपासनेच्या बाबतीत अस्सलपणा मुळाशी नसतो, वापरात असतो. व्हाइसरॉयांनी शिक्के मारले, मिशनने मारले, रोमने मारले, पंडितांनीही मारले. आज ते काम बाजार करू पाहतो आहे. प्रत्येकाचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण त्या शिक्क्यांत एक समान गोष्ट दिसते : ज्याला ते गाणे गायचे होते, त्याला विचारण्याचे बहुधा राहून गेले. स्टीफन्स यांचे मोठेपण त्यांच्या ओव्यांत जितके आहे, तितकेच त्यांनी एका सामान्य माणसाची मागणी ऐकून घेतली यात आहे.

गिटार टिकेल की जाईल, समई राहील की विझेल, हे आपण ठरवू शकत नाही. आणखी पन्नास-साठ वर्षांनी कुठल्याशा अंगणात तांदूळ निवडीत बसलेली एखादी सून ते ठरवील. तिच्या ओठांवर त्या वेळी जे आपोआप येईल, ते अस्सल. आणि ते कोणाचे, असे कोणी विचारले, तर ती आपल्या सासूचेच नाव सांगेल.